अर्धी काढलेली दाढ

उजवीकडची खालची अक्कलदाढ दुखायला लागली तेव्हा मी गारखेड्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो आणि एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणत. गारखेडा अजून पुरता शहरात आला नव्हता, आमच्या गल्लीच्या टोकाला ज्वारीची रानं सुरू व्हायची. माझं लग्न झालेलं नव्हतं. वडील मी शाळेत असतानाच गेले होते आणि आई लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावात एकटीनं शेती बघत होती.

दाढ धड उगवलीच नव्हती. हिरडीतून तिचा एक कोपरा तेवढा वर आला होता. त्या फटीत काही अडकलं की गाल सुजायचा. मी लवंग धरून बघितली, तुरटीच्या पाण्यानं चुळा भरल्या, गरम मीठपाणी केलं. सूज उतरायची आणि पुन्हा यायची. शेवटी जबडा इतका आखडला की भाकरीचा तुकडा चपटा करून आत सरकवावा लागे. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं उस्मानपुऱ्यातल्या एका नव्या दवाखान्याचा पत्ता दिला.

दवाखाना एका मेडिकलच्या वर होता. जिना चढून गेलो तर बाहेरच्या बाकावर कुणीच नाही. मला तिथंच पहिली शंका आली. चांगल्या डॉक्टरकडं माणसांची दाटी असते असं मी धरून चाललो होतो. आत डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याच वयाच्या, कदाचित एखाद्या वर्षानं लहानच. भिंतीवरची पदवी इतकी नवी होती की तिच्या चौकटीला अजून वार्निशचा वास येत असावा असं वाटलं. मी दारातूनच परत फिरलो असतो, पण त्यांनी "या ना" म्हटलं आणि गालावर हात धरून उभ्या असलेल्या माणसाला सबब तरी काय सांगता येणार?

त्यांनी दाढ बघितली, एक लहानसा फोटो काढला आणि तो ओला असतानाच दिव्यासमोर धरला.

"आडवी आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या दाढेला टेकून बसलीय. नुसती ओढून निघणार नाही. हिरडी कापावी लागेल, थोडं हाड काढावं लागेल आणि दाढेचे तुकडे करून एकेक काढावे लागतील."

"एका दाढेसाठी ऑपरेशन?"

"लहानसं. खुर्चीत बसल्या बसल्या होतं. तेवढ्याच भागाला भूल देतात."

मी फोटो बघायला मागितला. करड्या रंगात पांढरट असं काहीतरी आडवं पडलं होतं. मुळाकडची बाजू फोटोच्या कडेला कापली गेली होती.

"याचं टोक कुठंय?"

"ते फोटोत नीट आलं नाही," त्या म्हणाल्या. "उघडल्यावर कळेल."

ते "उघडल्यावर कळेल" माझ्या मनात रुतून बसलं. घड्याळ दुरुस्त करणारा असं बोलतो, पंप दुरुस्त करणारा बोलतो. डॉक्टरांनी असं बोलावं हे मला पटलं नाही. तरीही चार दिवसांनी पुन्हा गाल सुजला, ताप चढला, आणि मी गोळ्या घेऊन, सूज उतरवून, ऑपरेशनचा दिवस ठरवून आलो. आईला निरोप धाडला.

आई पॅसेंजरनं आली. माझ्या आईबद्दल इथं सांगायला हवं. वडील गेल्यावर माल विकायला तीच लासूरच्या बाजारात जायची. बाईमाणूस एकटं बघून जो तो तिला फसवायला बघायचा. पोतं काट्यावर चढलं की बाकीचे काट्याकडं बघत, ही मापाड्याच्या पायाकडं बघायची, कारण एकदा एकानं पायानं काटा दाबलेला तिनं पकडला होता. तेव्हापासून तिची नजर तशीच झाली. माणूस जे दाखवतो ते सोडून बाकीचं सगळं ती बघायची.

"अक्कलदाढ काढली की नजर जाती," ती पिशवी खाली ठेवता ठेवताच म्हणाली. "तुला ठावं नाय का?"

"तसं काही नसतं, आई."

"त्या बाईनं सांगितलं व्हय, नसतं म्हणून?"

मी विचारलंच नव्हतं, आणि आता मलाही विचारावंसं वाटायला लागलं.

ऑपरेशन सकाळी होतं. आईला बाहेरच्या बाकावर बसवलं. भुलीची सुई हिरडीत खूप आत गेली. थोड्या वेळानं अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड झाली. हिरडी कापलेली कळलीही नाही. मग यंत्र सुरू झालं, आणि त्याचा आवाज कानातून न येता हाडातूनच यायला लागला. दाढ फुटल्याचा कट्ट असा आवाज झाला. बाईंनी चिमट्यात धरून एक तुकडा बाहेर काढला आणि ट्रेमध्ये टाकला.

"अर्धी आली," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद होता.

मग त्या खाली मुळाकडं गेल्या. बराच वेळ काहीतरी हलवत होत्या, दाबत होत्या. एकाएकी माझ्या ओठातून हनुवटीपर्यंत करंट बसल्यासारखी सणक गेली. मी खुर्चीचे दांडे घट्ट धरले.

बाईंचा हात जागीच थांबला. "काय झालं? कुठं गेली कळ? ओठात?"

मी मान हलवली.

त्यांनी हत्यारं खाली ठेवली. त्या जखमेत वाकून बघत राहिल्या. कपाळावर घाम आला होता आणि तो त्या मनगटानं पुसत होत्या. मग त्यांनी माझ्या तोंडात कापसाची मोठी घडी ठेवली, ती दाताखाली धरायला सांगितली आणि म्हणाल्या, "मी आलेच. उठू नका."

आणि त्या खोलीबाहेर गेल्या. मला त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाताना ऐकू आला.

त्या खुर्चीत एकटा पडून असताना माझ्या मनात काय काय आलं ते आजही आठवतं. बाई पळून गेली, असं अगदी सरळ वाटलं. दाढ अर्धी आत, हिरडी उघडी, तोंडात कापूस, आणि डॉक्टर गायब. ट्रेमध्ये माझ्याच दाढेचा तुकडा रक्तात पडलेला दिसत होता.

तेवढ्यात खालून आईचा आवाज आला. बाई धावत खाली जाताना बघून तीही मागोमाग उतरली होती.

"पोराला तसंच टाकून कुठं निघाली गं तू?"

"मावशी, फोन करायचाय. फोन इथं खाली आहे."

"कुणाला फोन?"

मेडिकलवाला तिची समजूत घालायला मध्ये पडला. तो दख्खनीत बोलायचा. "अम्मा, जाने देव. बडे डॉक्टर कू बुलारै उनो. घबराव नक्को."

"मोठा डॉक्टर कशाला लागतो? हिला येत नाय का?"

याचं उत्तर मला ऐकू आलं नाही. मला तेच उत्तर हवं होतं.

बाई वर आल्या, त्यांच्या मागं आई आली, आणि आता तिनं बाहेर बसायला साफ नकार दिला. बाईंनी स्टुलावर बसून माझ्या डोळ्यांकडं बघत सांगितलं, "अर्धी दाढ निघालीय. उरलेलं मूळ वाकडं आहे आणि ओठाची संवेदना नेणाऱ्या नसेला अगदी चिकटून आहे. मला एकटीनं पुढं जायचं नाही. माझे सर येतायत, त्यांनी मला शिकवलंय. तोवर थांबू."

आई ट्रेमधला तुकडा निरखत होती. "आन् ते नाय आले तर?"

"येतील."

मोठे डॉक्टर स्कूटरवरून आले. हसरा चेहरा, पांढरे केस, अंगाला अत्तराचा वास. "काय मास्तर, घाबरलात? दोन मिनिटांचं काम," असं म्हणत त्यांनी बाह्या वर केल्या. दुसरी सुई दिली. मग मला काहीच कळलं नाही, नुसतं कुणीतरी जबड्यातून खिळा उपटतंय असं वाटत होतं. बाई शेजारी उभ्या राहून गाल ओढून धरत होत्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी एक आकड्यासारखं वाकलेलं मूळ वर काढलं, दिव्याकडं धरलं आणि आईला दाखवलं. "हे बघा माय, पूर्ण आलं. टोकासकट."

टाके पडले. मोठे डॉक्टर हात धुऊन निघून गेले. बाईंनी काळजी कशी घ्यायची ते सांगितलं: आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, गालावर बाहेरून बर्फ धरायचा, गार आणि मऊ खायचं.

"थुंकायचं नाय?" आई म्हणाली. "मग रगत गिळायचं व्हय त्यानं?"

"थोडं गेलं तर काही होत नाही, मावशी. सारखं थुंकलं की जखमेतली गुठळी निघून येते, मग हाड उघडं पडतं. फार दुखतं."

रिक्षात आई म्हणाली, "खराब रगत पोटात घाल म्हंती. असलं औषध कुठं ऐकलं नाय." पण घरी आल्यावर मी थुंकायला मोरीकडं निघालो तर तिनंच मला खांदा धरून बसवलं. "नगं. सांगितलंय ते कर. उद्या काय झालं तर ती म्हंल, तुम्हीच ऐकलं नाय." विश्वास म्हणून नव्हे, पुढच्या भांडणाची तयारी म्हणून तिनं सगळं पथ्य काटेकोर पाळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीभ मोकळी झाली होती, पण ओठ तसाच. चहा घेतला तर तो हनुवटीवरून शर्टावर ओघळला आणि मला कळलंही नाही. आईनं पदरानं पुसला. मी बोटानं ओठ चाचपला. बोटाला ओठ लागत होता, ओठाला बोट लागत नव्हतं.

"भूल अजून उतरली नसंल," आई म्हणाली. पण ती माझ्याकडं न बघता बोलली, म्हणजे तिलाही ते खरं वाटत नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. दाढी करताना ओठाखाली कापलं तेव्हा आरशात रक्त बघून कळलं. शाळेत गेलो. पोरांना वाचून दाखवताना ओठ मिटले की नाही ते कळत नव्हतं. प आणि ब फुसके निघत होते. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी वळून फळ्यावर लिहायला लागलो आणि तास संपेपर्यंत लिहीतच राहिलो. माझं पोट बोलण्यावर होतं. हा ओठ असाच राहिला तर काय, या विचारानं हातातला खडू मोडला.

टाके काढायला गेलो तेव्हा आई सोबत होतीच. त्या दिवशी मोठे डॉक्टरही तिथं होते. मी ओठाचं सांगितलं. त्यांनी एकदा तोंडात बघितलं आणि माझा खांदा थोपटला.

"छान भरतंय. ओठाचं काही नाही, होतं असं. आपोआप जाईल."

मग ते बाईंना खिडकीपाशी घेऊन गेले आणि इंग्रजीत हळू आवाजात बोलले. मराठीचा मास्तर आहे, याला इंग्रजी कळणार नाही, असं त्यांनी धरलं असावं. मला कळलं. पेशंटला सगळंच सांगत बसायचं नसतं, माणसं घाबरतात आणि गावभर बोलतात, आपोआप बरं होतं तिथं आपण कशाला तोंड उघडायचं, असा त्याचा अर्थ होता. बाई खाली बघत ऐकत होत्या.

माझ्या अंगाची लाही झाली. म्हणजे काहीतरी होतं. मोठे डॉक्टर गेले आणि मी बाईंना विचारणार तेवढ्यात त्या स्वतःच आईकडं वळल्या.

"मावशी, तुम्ही बसा. तुम्हा दोघांना सांगायचंय. ती नस दुखावलीय. बहुतेक तुटलेली नाही, पण दाबली गेलीय. संवेदना बहुतेकांची परत येते. काही महिने लागतात. काहींची पूर्ण येत नाही. तुमची किती येईल ते मला आज सांगता येत नाही."

"कुणी दुखावली?" मी विचारलं. "तुम्ही का त्यांनी?"

"कळ तुम्हाला माझ्या हाताखाली आली होती. पुढचं काम सरांनी केलं. नेमकं कधी झालं ते मला माहीत नाही, आणि मी त्यांच्यावर ढकलणार नाही. पण मुळाचं टोक लहान फोटोत दिसत नव्हतं. तेव्हाच पूर्ण जबड्याचा मोठा फोटो काढून आणा असं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ती चूक माझी आहे."

मी भांडायची वाक्यं मनात जुळवून आलो होतो आणि आता ती कुठं वापरावी ते कळेना. मी आईकडं बघितलं. तिचे डोळे बाईंच्या चेहऱ्यावर होते.

जिना उतरल्यावर ती रस्त्यात थांबली. "कबूल केलं तिनं," ती म्हणाली. "कशापायी केलं असंल?"

"खरं होतं म्हणून."

"एवढं सोपं असतं का? याच्याहून मोठं काहीतरी दडवलं असंल. धाकटं कबूल करायचं, म्हंजी मोठ्याचं कुणी इचारत नाय. अडतीवर असं लई बघितलंय मी."

मी त्या वेळी हसलो नाही, कारण तेच माझ्याही डोक्यात आलं होतं.

म्हणून मी दुसऱ्या एका डॉक्टरकडं गेलो. त्याच्याकडं गर्दी होती, खुर्च्या मऊ होत्या. त्यानं तोंडात बघितलं आणि तो चुकचुकला. "अरेरे, कुणी केलं हे?" मी सांगितलं नाही. मग त्यानं पुष्कळ काही सांगितलं: इंजेक्शनं, विजेचे शेक, पुन्हा उघडून बघणं. बोलताना तो ओठाला हातसुद्धा लावत नव्हता. मी विचारलं, "एवढं केलं तर बरं होईल?" तो म्हणाला, "शंभर टक्के." त्या दोन शब्दांनी मला उठवलं. जिला काहीच सांगता येत नव्हतं तिच्यावर संशय होता, आणि ज्याला सगळं ठाऊक होतं त्याच्यावर तर जास्तच. त्यातल्या त्यात कमी संशयाची जागा कोणती, एवढंच ठरवायचं होतं. मी पुन्हा उस्मानपुऱ्यात गेलो.

बाईंनी डोळे मिटायला सांगितले. कापसाची वात ओठावरून फिरवायच्या, मग सुईचं टोक हलकेच टेकवायच्या. "लागलं? आता? हे टोकदार आहे की बोथट?" जिथं लागत नव्हतं त्या भागाभोवती त्यांनी पेनानं हनुवटीवर रेघ काढली. तपासणीच्या दिवशी आई गावाहून यायची. ती रेघ घेऊन मी रिक्षानं घरी आलो तेव्हा ती म्हणाली, "आता तोंडावर नकाशे काढायली का ती?" पण तिनं मला उजेडात बसवलं आणि तो नकाशा नीट बघून ठेवला. पुढच्या वेळी मी परतल्यावर ती रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "मागच्या बारीला हितवर होती. आत सरकली." पेन त्या बाईचंच, तिनंच रेघ आत काढली असली तर कोण बघतं, असंही आई वर म्हणाली. मग आई स्वतःच गव्हाची काडी घेऊन माझ्या ओठाला टोचून बघायची, आणि मी डोळे मिटलेत का ते दोनदा तपासायची.

हिवाळा संपत आला तेव्हा ओठात मुंग्या यायला लागल्या. नंतर खाज, नंतर उगाच जळजळ. बाई म्हणाल्या ते चांगलं लक्षण आहे. आम्ही विश्वास ठेवला नाही. उन्हाळ्यात एकदा शाळेच्या नळावर पाणी पिताना ओठाला गारवा लागला. मी दुसऱ्यांदा ओंजळ धरली, तिसऱ्यांदा धरली. मागं पोरांची रांग खोळंबली होती आणि मी तोंडावर नुसतं पाणी मारत उभा होतो. त्या दिवशी संध्याकाळी मी उगीचच मोठ्यानं वाचत बसलो.

सगळं परत आलं नाही. हनुवटीच्या वर, बोटाच्या पेराएवढी जागा अजूनही कापडातून हात लागल्यासारखी लागते. कुणाच्या हातानं ते झालं हे मला आजवर कळलेलं नाही.

दीड-दोन वर्षांनी डावीकडची दाढ सुजली. तीही आडवीच होती. आई म्हणाली, "त्याच बाईकडं जा." मी चकित होऊन बघितलं तर म्हणाली, "तिच्या खोड्या आपल्याला ठाव्या झाल्यात. नव्याच्या कुठं शोधत बसायच्या?"

बाईंनी या वेळी आधी मोठा फोटो काढून आणायला लावला. तो त्यांनी खिडकीला चिकटवला आणि आईला जवळ बोलावून मुळं, नस, मधली जागा असं सगळं दाखवलं. इथं मूळ आणि नस यांत अंतर आहे, उजवीकडं नव्हतं. मी विचारलं, "त्या दिवशी सर नको म्हणत असताना तुम्ही आम्हाला का सांगितलंत?"

त्या थोडं हसल्या. "तुम्ही दोघं तसंही माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवत नव्हतात. मग खोटं बोलून माझा काय फायदा होता?"

आई ऐकत होती. तिला ते उत्तर आवडलं असावं, कारण तिनं त्यावर काही शंका काढली नाही. त्या दाढेनं पुढं काही त्रास दिला नाही, ओठही शाबूत राहिला. पण ते नंतरचं. त्या सकाळी मला खुर्चीत बसवून बाईंनी हात धुतले आणि आईला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बाहेर बसता का?"

"नाय," आई म्हणाली. "आदी सांग, काय काय बिघडू शकतं?"

बाईंनी हात वर धरून, पाणी ठिबकत असतानाच, एकेक करून सगळं सांगितलं. आईनं ते पूर्ण ऐकून घेतलं, मग कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि खुर्चीला लावून, बाईंचे हात दिसतील असं, ती बसली.